तुझ्या ओटीतला लांब तांदूळ

आत्या,

परवा तुझ्या जलदानविधीला मला माइकवर बोलावलं. आपल्याकडे कसं असतं ते तुला माहीतच आहे. वंदना झाली की जवळच्या माणसांनी एकेक करून उठायचं आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे. कटंगीचे मामा बोलले, वॉर्डातली दोन-तीन माणसं बोलली. प्रत्येकाची सुरुवात तीच, "कमलताई दुबईत राहून..." कोणी म्हणालं दुबईत राहून भावाचं घर उभं केलं, कोणी म्हणालं दुबईत राहून समाजाचं नाव काढलं. मग माइक सांभाळणारे काका म्हणाले, "आता आपली रोशनी बोलेल. घरातली पहिली कॉलेजात गेलेली पोरगी आहे, ती चांगलं बोलेल."

मी उठले. कागदावर लिहून नेलं होतं, पण कागद उघडलाच नाही. मी म्हणाले, "आत्या दुबईला नव्हती, मस्कतला होती." पुढे काही सुचेना. मी खाली बसले.

मागून एक बाई हळू आवाजात म्हणाली, "एकच आहे ना वं ते?"

तू असतीस तर तिथल्या तिथे उलटून म्हणाली असतीस, "बालाघाटले कोनी जबलपूर म्हनलं तं चालन का तुले?" हे वाक्य मी तुझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की मला तिथे हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

जे तिथे बोलता आलं नाही ते लिहून पाहते आहे. लिहिलं तरी सरळ येईल असं वाटत नाही, कारण तू मला दोन गोष्टी सांगून गेलीस. आधी म्हणालीस, जा. मग म्हणालीस, जाऊ नको. त्यातलं कोणतं धरायचं हे विचारायच्या आत तू गेलीस. आणि मला या महिन्याच्या शेवटापर्यंत कॉलेजात नाव द्यायचं आहे, किंवा नाही म्हणून सांगायचं आहे.

या सुटीत तुला घ्यायला बाबा आणि मी नागपूरला आलो होतो, तिथून सुरू करते. गोंदियापर्यंत रेल्वे आणि पुढे बालाघाटची बस. तू खिडकीपाशी बसलीस, कारण तुला बस लागते. नवी चप्पल, मनगटावर मोठं घड्याळ, आणि मांडीवर गाठ मारलेला एक रुमाल. बॅगा तू वर ठेवू दिल्यास, रुमाल दिला नाहीस. महाराष्ट्र संपून मध्यप्रदेश लागतो तो राजेगावचा पूल आला तशी तू बाबांना कोपर मारलंस.

"पाय भाऊ, इथं कोनी पासपोर्ट नाही इचारत."

"काहून इचारन?" बाबा म्हणाले.

"वयनीले आमगाववरून आनलं तेव्हा बी नाही इचारलं कोनी. बिना व्हिसाची बायको आहे तुही."

बाबा इतके हसले की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. बाबांना असं हसताना मी फार कमी पाहिलं आहे. तू सुटीवर आलीस की ते हसायचे. मिलमधून आल्यावर आता ते हातपाय धुतात आणि भिंतीकडे तोंड करून आडवे होतात.

त्याच बसमध्ये मी तुला जर्मनीचं सांगितलं. कॉलेजात एक मॅडम आल्या होत्या. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना तिकडची भाषा शिकवणार, परीक्षा पास झाली की तिथल्या वृद्धाश्रमात आणि दवाखान्यात काम देणार. वर्गातल्या निम्म्या मुलींनी लगेच हात वर केले. मी केला नाही. मला वाटलं, घरी विचारावं. खरं म्हणजे तुला विचारावं. घरात परदेश पाहिलेलं माणूस तू एकटीच.

"म्हाताऱ्या लोकायले सांभाळाचं?" तू विचारलंस.

"हौ."

"थंडी असन तिथं."

"खूप असते म्हणतात."

तू बाहेर धानाच्या बांध्यांकडे तोंड केलंस. मग म्हणालीस, "जाय. तुह्या हातात कागद राहीन. माह्या हातात काय होतं?"

तुझ्या हातात काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण तो किस्सा तू दर सुटीत सांगायचीस. एजंटने तुला फिरायला जाणाऱ्या बाईचा व्हिसा काढून दिला होता. विमानतळावर विचारलं तर फिरायला चालली असं सांग, एवढंच त्याने शिकवलं होतं. तिथल्या साहेबाने विचारलं, मस्कतमध्ये काय काय बघणार? तू म्हणालीस, "दुबई." साहेब तुझ्याकडे बघत राहिला, मग त्याने शिक्का मारला. हे सांगताना तू स्वतःच हसायचीस, आम्हीही हसायचो. पण त्या पहिल्या घरी काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस. एवढंच कळलं की तिथे जेवायला पुरेसं मिळत नव्हतं, आणि कोणा केरळच्या बाईने तुला तिथून काढून दुसऱ्या मॅडमकडे, म्हणजे नूराच्या आईकडे पोचवलं. मी विचारलं की तू म्हणायचीस, "सोड ना, झालं ते." मला वाटतं दुबई आणि मस्कत यावरून तू लोकांशी भांडायचीस ते त्यामुळे असावं. किंवा नसेलही. मी उगाच अर्थ लावत असेन.

घरी पोचल्यावर तू तो रुमाल आईसमोर ठेवलास. आई गाठीला हात लावणार तोच म्हणालीस, "नूरानं ओटी भरली माही. मीच शिकवलं तिले. निघते वेळी म्हने, आत्या थांब, अन् किचनमधून मूठभर तांदूळ घेऊन आली."

नूरा तुला आत्याच म्हणायची. फोनवर माझं ऐकून शिकली. मला ते आवडायचं नाही. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

आई म्हणाली, "ओटी माहेरचे भरतात, कमलबाई. मालकिनीच्या पोरीनं भरली तं मस्कत तुमचं माहेर झालं का? अन् आम्ही कोन? सासर?"

"लेकरू आहे वं वयनी. तिले काय समजते."

"तिले नाही समजत. तुमाले तं समजते."

आपल्याकडे ओटीचा तांदूळ पोचल्या घरी लगेच शिजवायचा असतो, हे तुलाही माहीत होतं आणि आईलाही. तू म्हणालीस, "आज टाकू का भातात?" आई म्हणाली, आज आपला चिन्नौर तांदूळ धुवून झाला आहे, रविवारी करू. मग रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी काय झालं ते आठवत नाही. रुमाल डब्यांच्या मागे गेला. तुम्ही दोघी रोज त्याच फळीवरून डबे काढत होता आणि दोघींपैकी कोणीही त्याचं नाव काढत नव्हतं. मला तेव्हा वाटलं, एवढ्याशा तांदळावरून काय. आता तसं वाटत नाही, पण काय वाटतं तेही धड सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट तू सांगितलीस ती सकाळी, व्हरांड्यात. नूराचा व्हिडिओ कॉल येऊन गेला होता. तिने पडलेला दात दाखवला, तू तिला कधी येणार ते सांगितलंस. फोन ठेवल्यावर तू लसूण सोलायला बसलीस आणि मला राग आला. तो कुठून आला माहीत नाही. मी म्हणाले, "तिथे पासपोर्ट मॅडमच्या कपाटात. सुटी मॅडम देईल तेव्हा. आजारी पडलं तरी काम. याला काय म्हणतात माहीत आहे का तुला?"

"काय म्हनतात? सांग. तुह्या पुस्तकात काय लिहून आहे?"

"गुलामी."

तू लसूण सोलणं थांबवलं नाहीस. "अन् गोंदियाच्या त्या नर्सिंग होममध्ये मी आया होती तेव्हा? रातपाळी करून सकाळी फरशी पुसाची, अन् डाक्टरीण नाव नाही घ्यायची माह्यं, ए बाई म्हनायची. त्याले काय म्हनतात? पाय बरं पुस्तकात."

मी म्हणाले, "मग दोन्ही वाईट. तू परत काहून जाऊन राह्यली?"

"पोरगी वाट पाह्यते."

"अन् मी?"

"तुले तुही माय आहे."

तू हे सहज म्हणालीस. त्यात टोमणा नव्हता, काही नव्हतं. मी मान खाली घालून सालं गोळा करत बसले. मग तूच म्हणालीस, "तू नको जाऊ, रोशनी."

"काहून? बसमध्ये तर म्हणालीस जाय."

"बसमध्ये होती तेव्हा. बसमध्ये बसलं की मानूस जाय म्हनते."

मला हसायला आलं, तू मात्र हसली नाहीस. "नूराच्या घरच्या म्हातारीले मी आंघोळ घातली, भरवलं, केस विंचरले. ती मेली तं तिचा हात माह्या हातात होता. अन् माही माय मेली तं तुह्या हातात फोन होता."

हो, होता. मी नववीत होते. आजीला अंगणात ठेवलं होतं आणि सगळे म्हणाले, रोशनीला फोन समजतो, तिच्याकडे द्या. मी फोन धरून उभी होते. तू पलीकडून सारखी म्हणत होतीस, "थोडा खाली कर, तोंड नाही दिसत. आता हात दाखव. पाय दाखव." मी दाखवत गेले. मध्येच तुझ्याकडून कोणीतरी हाक मारली आणि तू म्हणालीस, "आली मॅडम, दोन मिनिट," आणि पुन्हा म्हणालीस, "पाय दाखव." तेव्हा मला रडू आलं नाही, कारण फोन हलू द्यायचा नव्हता.

तू त्या सकाळी पुढे काहीतरी सांगणार होतीस. पण सिलिंडरवाला आला आणि आईने आतून हाक मारली. तू उठताना म्हणालीस, "राह्यलेलं मंग सांगन." ते राहिलेलंच मला हवं आहे. माझी दवाखान्यात ड्युटी लागली आणि मी हॉस्टेलवर गेले. त्यानंतर बाबांचा फोन आला तो थेट तू गेल्याचाच. छातीत दुखतंय म्हणाली आणि ऑटो दारात येईपर्यंतही थांबली नाही, असं आई सांगते. परतीचं तिकीट तुझ्या पर्समध्ये होतं.

बायकांनी तुला आंघोळ घालायला घेतली तेव्हा मला बाहेर थांब म्हणाल्या. मी थांबले नाही. पहिल्या वर्षी मला दवाखान्याच्या वॉर्डात फार भीती वाटायची. पेशंटला हात लावायलाच धजत नव्हते. तेव्हा तू फोनवर सांगितलं होतंस, "आधी बोल, मंग हात लाव. मानूस शुद्धीत असो की नसो, आधी बोल." मी आजही तसंच करते. आमच्या सिस्टर म्हणतात, ही मुलगी बेशुद्ध माणसाशीसुद्धा गप्पा मारते. त्या दिवशीही मी आधी म्हणाले, "आत्या, पाणी टाकते आता, गरम आहे," आणि मग हात लावला. आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

तुझ्या मॅडमला मीच कळवलं. ती फोनवर खूप रडली. मोडक्या हिंदीत म्हणत राहिली की कमल आमच्या घरची होती, माझ्या आईला तिने जेवढं केलं तेवढं मी केलं नाही. मी ऐकत होते, मलाही रडू येत होतं. आणि त्याच फोनवर, डोळे पुसून झाल्यासारख्या आवाजात, तिने विचारलं की तुमच्या गावात दुसरी कोणी चांगली बाई मिळेल का, लवकर हवी आहे. मी म्हणाले, बघते. असं का म्हणाले माहीत नाही. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ ठरवत होते की तिचं रडणं खोटं होतं. पण ते खोटं नव्हतं, मी ऐकलं आहे. मग ते दुसरं खोटं होतं का? तेही नव्हतं. तुला हे कळलं असतं. तू म्हणाली असतीस, "घर चालवाचं असते ना तिले," आणि चहा ठेवला असतास.

जलदानाच्या दुसऱ्या दिवशी नूराचा फोन आला. तिला घरी सांगितलं होतं. फोन तुझ्याच मोबाईलवर आला आणि तो ओट्यावर होता, हात ओले होते म्हणून मी स्पीकर लावला. ती तिच्या हिंदीत बोलत होती, मध्ये मध्ये तुझे शब्द येत होते.

"दीदी, आत्याने अपनी माँ को फोन पे देखा था. मुझे काहून नहीं दिखाया?"

मी नळ बंद केला. खरंच, काहून? त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही. फोन खिशात होता, अंगणात तू होतीस, आणि तुझी वाट बघणारं एक लेकरू आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मी तिला सांगितलं की आम्ही फार गोंधळलो होतो. ती म्हणाली, "हौ." अगदी तुझ्यासारखं.

मग तिने विचारलं, "चावल पकाया था?"

मी ओले हात ओढणीला पुसले.

"आत्या बोली थी, जाके पकाऊँगी, फिर आऊँगी. पकाया?"

"नहीं पकाया."

"तो फिर कैसे आती," नूरा म्हणाली. ती रागावली नव्हती. तिला ते समजल्यासारखं वाटलं.

मी तिला सांगायला हवं होतं की असं नसतं. माणसाचं हृदय कसं बंद पडतं हे मला शिकवलं आहे, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. पण माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आज पकाते हैं." मागे वळले तर आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

आईने डबे बाजूला केले, रुमाल काढला आणि ताटात सोडला. लांब लांब तांदूळ, आपल्या चिन्नौरच्या दुप्पट. त्यात दोन खजूर आणि एक प्लॅस्टिकची केसांची क्लिप, गुलाबी, फुलपाखराची. आई ती क्लिप हातात घेऊन बघत राहिली.

"खन नव्हता म्हनून क्लिप ठेवली वाटते पोरीनं," ती म्हणाली. मग खजूर उचलून, "खारकेच्या जागी खजूर. सगळं बरोबर शिकवलं हिनं तिले."

तिने तो तांदूळ वेगळा शिजवला, चिन्नौरमध्ये मिसळला नाही. दुपारी बाबा मिलमधून आले तसे आम्ही तिघं जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "हा आपला नाही." आई म्हणाली, "कमलबाईचा आहे." भात मोकळा झाला होता, पण चिन्नौरसारखा वास नव्हता. बाबांनी ताट बोटाने निपटून खाल्लं. मी पातेल्याचा फोटो नूराला पाठवला. तिने उलट ओके लिहिलं, बाकी काही नाही.

संध्याकाळी आई नळावर रुमाल धूत होती. मी बाजूला जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "आई, मी जर्मनीला गेले तर माझी ओटी कोण भरणार?"

तिने रुमाल पिळला, झटकला. "मी नाही तं कोन भरन? जर्मनीवाली?"

तिने रुमाल दोरीवर टाकला, चारही कोपरे ओढून सरळ केले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन गेल्या गेल्या शिजवजो. बांधून नको ठेवजो."

हे जा होतं की आणखी काही होतं, मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तूही नाहीस की तुला विचारावं, आई अशी बोलली म्हणजे काय समजायचं. तुझ्या दोन उत्तरांत आता हे तिसरं आलं आहे. मला कधी वाटतं तू जाऊ नको म्हणालीस ते माझ्यासाठी म्हणालीस. कधी वाटतं स्वतःलाच म्हणालीस, कारण तू परत जायला निघाली होतीस. सिलिंडरवाला आला नसता तर कळलं असतं का, तेही सांगता येत नाही.

उद्या मी कॉलेजात नाव देणार आहे. का, असं विचारलंस तर मला धड उत्तर देता येणार नाही. तिथे कोणाची तरी आजी माझा हात धरून जाईल आणि तेव्हा इथे फोन कोणाच्या हातात असेल, हा विचार डोक्यातून जात नाही, आणि तरी मी नाव देणार आहे.

एवढंच तुला कळवायचं होतं, आत्या, की मी बसमध्ये नव्हते. मी घरात होते, ओट्यापाशी, तुझा भात खाऊन झाला होता. तिथे बसून ठरवलं.